वजनाचं इंजेक्शन घेऊ का? आधी फाईलमधले हे शब्द समजून घ्या

बसमध्ये, लोकलमध्ये, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, तर हा भाग जरा कान देऊन ऐका. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

गेले काही आठवडे तुमचे सगळ्यात जास्त व्हॉईस मेसेज एकाच प्रश्नाचे आलेत. "ते वजन कमी करायचं इंजेक्शन मिळतंय, घेऊ का?" कुणाला मैत्रिणीने सुचवलंय, कुणाला जिममधल्या ट्रेनरने. मी डॉक्टर नाही, त्यामुळे घ्या किंवा नका घेऊ, हे मी सांगणार नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते काय बोलतायत हे कळावं आणि आपल्यालाही चार प्रश्न विचारता यावेत, एवढी तयारी आपण आज करूया.

पहिला शब्द, बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. समजा एका मुलीची उंची १६५ सेंटीमीटर आणि वजन ७२ किलो आहे. तिचा बीएमआय येतो साधारण २६.४. आता गंमत बघा. आंतरराष्ट्रीय तक्त्यात २५ ते ३० म्हणजे नुसतं जास्त वजन, आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा. भारतीयांसाठी मात्र २३ पासूनच जास्त वजन धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. म्हणजे एकच मुलगी, एकच वजन, पण ॲपमध्ये कुठला तक्ता आहे त्यावर तिचं लेबल बदलतं!

आपल्यासाठी आकडा खाली का आणला? त्याचं एक उत्तर पुण्यात आहे. २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो आला होता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दोघांची आडनावं इंग्रजीत 'वाय'ने सुरू होतात, म्हणून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. थोडक्यात काय, तर आपली माणसं दिसायला बारीक असली तरी आत चरबी जास्त असू शकते.

म्हणून दुसरा शब्द, व्हिसरल फॅट. कातडीखाली जी चिमटीत येते ती चरबी वेगळी. ही पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती बसते आणि जास्त त्रास देते. घरच्या घरी तिचा अंदाज घ्यायला शिंप्याची टेप पुरे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांनी ९० सेंटीमीटर आणि बायकांनी ८० सेंटीमीटर ही रेघ लक्षात ठेवायची.

तिसरा, इन्सुलिन रेझिस्टन्स. शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन बनवतं. मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसत असेल तर तो घासून जाणारा मळ नसतो, बऱ्याचदा याचीच खूण असते. पीसीओएस असलेल्या अनेक मुलींमध्ये हा प्रकार सापडतो.

चौथा, एचबीएवनसी. साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. याच फाईलमध्ये टीएसएच ही थायरॉईडची तपासणीही असते. थायरॉईड मंदावलं तर वजन वाढतं, पण सहसा काहीच किलो. सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

आता उपचार. ही एक शिडी आहे असं समजा.

पहिली पायरी जेवण, व्यायाम आणि झोप. हे ऐकून कंटाळा येतो, मला माहितीये. पण वजन ५ टक्के जरी उतरलं तरी साखर आणि रक्तदाब सुधारायला लागतात. आपल्या उदाहरणातल्या मुलीसाठी ५ टक्के म्हणजे ३.६ किलो. वीस किलो नव्हे!

दुसरी पायरी गोळ्या. ऑर्लिस्टॅट हे त्यातलं जुनं नाव. जेवणातली साधारण ३० टक्के चरबी ती शरीरात शोषूच देत नाही. ती चरबी मग शौचावाटे बाहेर पडते, त्यामुळे तेलकट शौच आणि धावपळ आलीच.

तिसरी पायरी म्हणजे ती चर्चेतली इंजेक्शनं. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक निघतं. ते मेंदूला 'पोट भरलं' असं सांगतं आणि पोट हळूहळू रिकामं होऊ देतं. सेमाग्लूटाईड त्याचीच नक्कल करतं. टिर्झेपटाईड त्याच्यासोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. भारतात २०२५ मध्ये मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोवी आलं. मोठ्या चाचणीत सेमाग्लूटाईडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. टिर्झेपटाईडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के.

आकडे भारी आहेत, पण पुढचं ऐका. सेमाग्लूटाईड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे हा महिनाभराचा कोर्स नाही, बीपीच्या गोळीसारखा लांबचा उपचार आहे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीत जात असेल, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते, लगेच हॉस्पिटल गाठायचं. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर झाला असेल तरीही नाही. शिवाय चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच.

ही इंजेक्शनं वजनासाठी सहसा बीएमआय ३० पासून, किंवा २७ पासून आणि सोबत मधुमेह, बीपीसारखा आजार असेल तर देतात. म्हणजे २६.४ वाली आपली मुलगी या यादीत बसतच नाही. आणि जिममध्ये हातोहात मिळणारं पेन? ते फ्रिजमध्ये होतं का, खरं आहे का, कुणालाच माहीत नसतं. डोसही एकदम घेत नाहीत, सेमाग्लूटाईड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात. ते प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची परवानगीच नाही.

चौथी पायरी बॅरिॲट्रिक सर्जरी. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा साधारण ८० टक्के भाग काढतात. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. नंतर जन्मभर व्हिटॅमिन आणि तपासण्या चुकत नाहीत. लायपोसक्शन मात्र या शिडीवर येत नाही, ते शरीराचा आकार बदलण्यासाठी असतं.

डॉक्टरांकडे जाताना हे चार प्रश्न फोनच्या नोट्समध्ये टाकून ठेवा. माझी कंबर आणि एचबीएवनसी बघता मला नेमका धोका कशाचा आहे? हा उपचार किती काळ चालेल? थांबवला तर काय होईल? आणि कुठला त्रास झाला तर लगेच यायचं? या चारांची उत्तरं जो देत नाही, त्याच्याकडून इंजेक्शन घ्यायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

हा भाग घरच्या ग्रुपवर पाठवा, विशेषतः त्या एका ताईला जी दर सोमवारी नवीन डाएट सुरू करते. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!