दोन घरांची एक भिंत

इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या बेलग्रेव्ह भागात तांबड्या विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा आहेत. प्रत्येक घर अरुंद पण खोल, आणि शेजारच्या दोन घरांत भिंत मात्र एकच. महाराणी व्हिक्टोरियाच्या राजवटीत (१८३७ ते १९०१) कारखान्यांमुळे शहरे वाढली आणि अशी रो-हाउसेस गावोगावी उभी राहिली. सामायिक भिंतीमुळे जागा, विटा आणि घरातील ऊब या तिन्हींची बचत होत असे.

या घरांना आकार दिला तो काटकसरीने आणि कायद्याने. आरंभीच्या कामगार वस्त्यांत घरे पाठीला पाठ लावून बांधीत. त्यांत वारा खेळत नसे. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर नगरपालिकांनी रस्त्याची रुंदी, मागील मोकळी जागा आणि सांडपाणी यांविषयी नियम लागू केले. खिडक्यांवरील कर १८५१ मध्येच रद्द झाला होता. वर-खाली सरकणाऱ्या तावदानांची योजनाही शहाणपणाची होती : वरून उष्ण हवा बाहेर जाई, खालून ताजी आत येई.

या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असत. चुना ओल बाहेर सोडतो. दुरुस्तीच्या वेळी सांध्यांत सिमेंट भरले की ओल विटेत कोंडते आणि थंडीत ती गोठून विटेचे पापुद्रे सुटतात. आपल्या पेठांतील चुनेबंद वाड्यांची डागडुजी करतानाही सिमेंटचा हात आवरावा, तो याच कारणासाठी.

१९७२ मध्ये युगांडातून आशियाई कुटुंबांना हाकलून देण्यात आले. ‘लेस्टरला येऊ नका’ अशा आशयाची जाहिरात तेथील नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात दिली होती. तरीही अनेक कुटुंबे आली. बेलग्रेव्हच्या जुन्या घरांत संसार थाटले गेले, रस्त्यावर साड्यांची व दागिन्यांची दुकाने सजली. शहरातील एकोणिसाव्या शतकातील एक चर्चही न पाडता जैन समाजाने त्याचे मंदिर केले आणि त्याला संगमरवरी कोरीव दर्शनी भाग चढविला. तेथे श्वेतांबर व दिगंबर एकाच छताखाली दर्शन घेतात.

सामायिक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याला लेखी सूचना द्यावी, असे १९९६ चा इंग्लंडमधील कायदा सांगतो. परस्परोपग्रहाचे तत्त्व मानणाऱ्या आपल्या समाजाला त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये. वडिलोपार्जित वाडा विकण्याचा वा पाडण्याचा विचार घरात निघेल, तेव्हा त्याच्या भिंतीपलीकडे कोण राहते, हेही आधी पाहावे.