दुसऱ्या डावाआधी कागदपत्रं

पुण्यात १८९३मध्ये विधुर धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला. आज असं लग्न गाव अडवत नाही. अडवलं तर घरचीच माणसं अडवतात.

विधवा-विधुरांच्या नोंदणी विवाहाला आधीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला लागतो. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान ३० दिवसांचं वास्तव्य हवं. पहिल्या पतीकडून वारशाने मिळालेली मालमत्ता हिंदू विधवेकडून पुनर्विवाहामुळे जात नाही. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र बंद होऊ शकतं, म्हणून नियम आधीच विचारा. खरी भांडणं घरावरून होतात. सावत्र वडिलांच्या मालमत्तेत मुलांना आपोआप वारसाहक्क मिळत नाही. तेव्हा मृत्युपत्र लग्नानंतर लगेच करा, आणि मुलांना दाखवा.