नाचऱ्या घोडीची शिकवणी

अकलूजच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी चाल बघतं, मग कान. मारवाडी घोड्याचे कान टोकाशी आत वळलेले असतात आणि टवकारले की एकमेकांना टेकतात. तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने दिवाळीत तिथून आणलेल्या घोडीचे कान असे टेकणारे होते. अंग कुमैत, चारी पाय खाली पांढरे, कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. विकणाऱ्याने हलगीच्या तालावर तिला नाचवून दाखवलं, मागच्या दोन पायांवर उभी केली, आणि भाव तिथल्या तिथे चढला. नाव मैना.

घरी आल्यावर मात्र मैना एका जागी उभी राहीना. मांड टाकली की तोंडाला फेस, तिरकी चाल, पुढचे पाय आलटून पालटून वर. लगाम खेचला की आणखी. गावातली म्हातारी माणसं कौतुकाने म्हणत, जनावर तेज आहे. मालक म्हणाला, “तेज बघूनच घेतली. आता ते तेज मला परड्याबाहेर जाऊ देईना.” खरड छाटणी उरकल्यावर मे महिन्यात त्याने तिला पिकअपमध्ये घातलं आणि साताऱ्याला आणलं.

साताऱ्याबाहेर, अजिंक्यतारा समोर दिसतो अशा एका शेतात, लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ घोडे आणि माणसं दोघांनाही शिकवतात. जिल्ह्यात निवृत्त फौजी म्हटला की त्याचा हुद्दा काहीही असो, त्याला मेजरच म्हणतात. त्यामुळे हेही मेजर. मी त्यांच्याकडे बसायला शिकतो. घोड्यावर ‘बसणं’ ही शिकायची गोष्ट आहे यावर घरच्यांचा अजून विश्वास नाही.

सकाळी सहाला उन्हं यायच्या आत मैनाला बाहेर काढलं. मेजर घोडीकडे गेलेच नाहीत. आधी त्यांनी सामान मागितलं आणि लगाम हातात घेऊन तोंडातल्या लोखंडावरून अंगठा फिरवला. आतल्या बाजूला बोथट दात होते. वरातीच्या आणि टांग्याच्या घोड्यांना असले काटेरी लगाम अजून सर्रास घालतात. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्राने १९६५ साली केलेल्या नियमांत त्यांना मनाई आहे, पण बाजारात विचारलं की दुकानदार पोत्यातून काढून देतो. मेजरांनी तो खुंटीला अडकवला आणि साधा, मध्ये सांधा असलेला काढला. मग मैनाचा ओठ बाजूला करून मालकाला दाखवलं, “हे बघा, पुढचे दात संपले. दाढा लांब तिकडं. मधी नुसती हिरडी. लगाम बसतो तो हितं. तुमच्या हिरडीवर कुणी खिळा ठेवला तर तुम्ही काय गप उभं ऱ्हाल?”

घोड्याजवळ जाण्याचीही त्यांची रीत ठरलेली आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं. आपण नेमके याच दोन ठिकाणी जातो. लाडाने हात घालायचा तो कपाळावर आणि घाबरून पळायचं ते मागून. मेजर खांद्याच्या रोखाने, तोंडाने काहीतरी पुटपुटत गेले. मैनाचा डावा कान त्यांच्याकडे वळला, उजवा रस्त्यावरच्या एसटीकडे. “एक कान आपला झाला,” ते म्हणाले.

पहिला अर्धा तास कुणी तिच्यावर बसलं नाही. मेजरांनी तिच्या छातीवर दोन बोटं टेकवली. ढकललं नाही, नुसती टेकवली आणि ठेवली. मैनाने मान उडवली. बोटं तिथेच. तिने पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटला. बोटं तिथेच. मग तिचा भार किंचित मागे गेला. पाय नव्हे, नुसता भार. त्याच क्षणी बोटं उचलली गेली. मैना थबकली, जीभ फिरवली, चघळल्यासारखं केलं. पुन्हा बोटं, पुन्हा तेच. थोड्या वेळाने बोटं छातीपाशी नेली तरी ती एक पाऊल मागे सरू लागली.

साऱ्या शिकवणीचं मर्म मला या दोन बोटांत दिसलं. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. दाब म्हणजे नुसता प्रश्न, आणि तो सुटला की घोड्याला कळतं, उत्तर बरोबर आलं. घोडा थांबला तरी आपण लगाम ओढूनच धरला, तर थांबण्यात काही राम नाही एवढंच तो शिकतो. नवशिक्या स्वाराचे हात सहसा वाईट नसतात, उशिरा सुटतात.

मग मेजरांनी मालकाला विचारलं, हिला नाचायला कसं शिकवतात, ठाऊक आहे का? लगाम आखडून धरतात, म्हणजे पुढे जायची वाट बंद. पायावर छडी टिचकावत राहतात. पाय वर आला की छडी थांबते. हलगी चालूच. महिना दोन महिने हेच. पाय उचलला की सुटका, हे घोड्याच्या अंगात भिनतं. “आता तुम्ही काय करता? वर बसता, घाबरता, लगाम आखडता, टाचा आवळता. तिला वाटतं, मालक नाच म्हणतोय. ती नाचती. तुम्ही आणखी आखडता. ती म्हणती, अजून नाचू? तिचं काय चुकलं?”

मालक बराच वेळ काही बोलला नाही. ज्याला तो तेज समजत होता ती आज्ञाधारकता निघाली.

पुढचं काम लांब दोरीवर. मेजर मध्ये उभे, दोरी हातात, घोडी भोवती गोल, वर मालक. रिकिबी काढलेल्या आणि लगाम गाठ मारून मानेवर टाकलेला. दोन्ही हात बाजूला पसरायचे. धरायला काही नाही म्हटल्यावर माणूस मांड्यांनी पकड घेतो, आणि पकड घेतली की घोडा पुढे सुटतो, कारण त्याच्या लेखी पाय आवळणं म्हणजे ‘चल’. मैना दुडकीला लागली. दुडकी म्हणजे दोन ठोक्यांची चाल, तिरप्या जोडीचे पाय एकदम पडतात. न शिकलेल्याची त्यात पार रवी होते. “मांड्या सोडा. बूड जड करा. श्वास सोडा की! धरून काय ठेवलाय?” मालकाने मोठ्याने श्वास सोडला. खांदे उतरले, कंबर मोकळी झाली, आणि मैना दोन पावलांत चालीवर आली. तिला कुणी थांबवलं नव्हतं.

योगायोग वाटेल, पण माशी बसली तरी कातडी थरथरवणाऱ्या जनावराच्या पाठीवर आपण अख्खे बसलेले असतो. आपली धडधड तिथवर पोचते का, हे पाहणारा एक प्रयोग स्वीडनमध्ये झाला होता. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. माणसांना घोडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायला लावलं. काही फेऱ्या झाल्यावर सांगितलं, आता घोडा जवळ आला की छत्री उघडणार आहोत. छत्री उघडलीच नाही, तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही. मेजरांना हे सांगितलं तर म्हणाले, “स्वीडनला कशाला जायचं? हितं रोज उघडतीया छत्री.”

त्या दिवशी तर खरंच उघडली. मे महिना, लग्नसराई. साडेसातच्या सुमाराला रस्त्याने देवदर्शनाला निघालेला नवरदेव आणि त्याच्यापुढे हलगी-ताशा. पहिल्या ठोक्याला मैनाचे कान एकमेकांना भिडले, दुसऱ्याला पुढचा पाय वर आला. मालकाचे हात लगामाकडे धावले. “हात न्हाई!” मेजर ओरडले. “नाचू दे तिला. तुम्ही फकस्त तुमचा डावा गुडघा उघडा अन् डावीकडं बघा. तिच्याकडं नगं, त्या बाभळीकडं.” मैना चार-सहा वेळा उचल खाऊन नाचली. वर आखडणारं कुणी नव्हतं. पाय उचलूनही काही सुटेना, कारण मुळात काही आवळलेलंच नव्हतं. मालक बाभळीकडे बघत राहिला, कंबर तिकडे वळली, आणि मैना हलगीकडे एक कान ठेवून वर्तुळात डावीकडे चालू लागली. मेजरांनी लगेच दोरी ढिली सोडली. हलगी अजून वाजत होती.

ताशाच्या गलक्यात घोडा शांत राहू शकतो, याची मोठी साक्ष सातारा जिल्ह्यातच दरवर्षी मिळते. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्याचं पहिलं उभं रिंगण तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे होतं. टाळ-मृदंगाचा कल्लोळ, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने दोन अश्व दौडत जातात. एकावर स्वार असतो. दुसरा माऊलींचा, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. हा सोहळा ज्यांनी सुरू केला ते हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे, आणि अश्व येतात चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. ते गाडीतून आणत नाहीत. अंकलीहून मिरज, सांगली, कराड, सातारा करत ते आळंदीपर्यंत पायी चालत येतात. परंपरा म्हणून आपण त्याला हात जोडतो ते ठीकच, पण मला ती नामी शिकवणीही वाटते. रोज ट्रक, भोंगे, फुलं उधळणारी गर्दी, पाया पडायला वाकणारी माणसं, आणि सोबत ओळखीचा दुसरा घोडा. चांदोबाच्या लिंबापर्यंत पोचेस्तोवर त्या अश्वाला नवं असं काही उरत नसावं.

दुसरी साक्ष जत, आटपाडी, माणच्या माळावर भेटते. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांची घोडी, अंगाने लहान, भीमथडीची. पाठीवर भांडी, घोंगडी, खाटेची लाकडं, कोंबड्यांचा खुराडा, कधी दोन दिवसांचं कोकरू. बाजूने उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला तरी ती बिचकत नाहीत. या भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच सरकारदरबारी नोंद झाली. मराठ्यांच्या फौजांनी लांबलांबच्या मजला मारल्या त्या असल्याच काटक तट्टांवर, आणि अकलूजला तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, कारण तिचे कान टेकत नाहीत. मेजरांना याचा भारी राग आहे. माझं मत विचाराल तर पहिला घोडा घेणाऱ्याने तीच घ्यावी, पण पहिला घोडा घेणारा कुणाचं ऐकत नसतो.

मैना साताऱ्यात राहिली, मालक जमेल तसा येत गेला. लगाम हातात यायला बरेच दिवस लागले, आणि आला तेव्हाही करंगळीच्या वरच्या बोटात, ओल्या फडक्यातून दोन थेंब पाणी पिळून निघेल एवढाच आवळायचा. वळायचं तर आधी नजर, मग खांदे, मग पाय, आणि एवढं करून भागलं नाही तरच हात. थांबायचं तर श्वास आणि बूड. दुडकीत घोड्याच्या ठोक्याबरोबर उठबस. एकदा ती बांधावरल्या प्लॅस्टिकच्या कागदाला बुजली. त्याने तिला मागे ओढलं नाही, तिथेच उभी राहून बघू दिलं. ती मान लांब करून फुरफुरली, मग कागद हुंगला आणि खायला लागली. तो मात्र काढून घ्यावा लागला.

मृगाच्या आधी मैना परत तासगावला निघाली. निघताना मेजरांनी बजावलं: काटेरी लगाम घरात ठेवायचा नाही, चंदी वाढवायची तर कामही वाढवायचं, हरभरा चारून दावणीला बांधलेली कुठलीही घोडी तेजच दिसते, आणि बसणारा माणूस एकच, निदान वर्षभर. पोरंटोरं, पाहुणे, फोटोवाले, कुणी नाही.

मालक घुटमळला. चुलतभावाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं, आणि वरातीला मैनाच आणायची असा शब्द घोडी घेतली त्याच दिवशी दिलेला.

“मेजर, मग वरातीला नेऊ का नको?”

“न्या की. नवरदेवाला आधी महिनाभर हिकडं पाठवा.”