विश्लेषण : ज्युनिअर विम्बल्डनच्या अंतिम फेरीनंतर पुढे काय? नितीन कीर्तने यांची कारकीर्द काय सांगते?

शिरूर किंवा दौंडमधील मुलाने टेनिसची रॅकेट हाती घेतली, की मोठ्या स्पर्धांसाठी साधारण ७० किलोमीटरवरील पुणे गाठणे आले. दोन-चार करंडक मिळाले, की घरात प्रश्न उभा राहतो : यातच करिअर करायचे का? पुण्याचे माजी व्यावसायिक टेनिसपटू नितीन कीर्तने यांचा प्रवास या संदर्भात पाहण्यासारखा आहे.

१९९२ मध्ये काय घडले?

कीर्तने आणि महेश भूपती यांनी विम्बल्डनमध्ये मुलांच्या दुहेरीची अंतिम फेरी गाठली. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्हन बाल्डास आणि स्कॉट ड्रेपर यांनी त्यांना ६-१, ४-६, ९-७ असे हरवले. निर्णायक सेटला तेव्हा तेथे टायब्रेक नव्हता.

चौघांचे पुढे काय झाले?

भूपती १९९७ मध्ये फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकून ग्रँडस्लॅम विजेते ठरलेले पहिले भारतीय झाले. पुढे दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून त्यांची विजेतेपदे १२ झाली. ड्रेपर यांनी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. बाल्डास आणि कीर्तने यांच्या वाट्याला तसे यश आले नाही. कीर्तने मात्र खेळत राहिले. चाळिशी उलटल्यावरही ते राष्ट्रीय स्पर्धेत उतरले.

ज्युनिअर यश पुढे उपयोगी का पडत नाही?

ज्युनिअर आणि व्यावसायिक क्रमवारी वेगळ्या असतात. १८ वर्षांनंतर गुणांची पाटी जवळपास कोरी होते. सुरुवात सर्वात खालच्या स्तरापासून, म्हणजे पुरुषांसाठी ‘एम १५’ स्पर्धांपासून होते. तेथे एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर. ती एकेरी-दुहेरीच्या सर्व खेळाडूंत वाटली जाते. प्रवास, मुक्काम, प्रशिक्षकाचा खर्च बहुधा खेळाडूच्याच खिशातून. मिळालेले गुणही ५२ आठवड्यांनी गळतात. त्यामुळे दुखापतीत वर्ष गेले, तर क्रमवारी घसरते.

मग पर्याय काय?

शिक्षण सोडणे हाच एक मार्ग नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळल्या. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह त्यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. त्यामुळे करंडक मोजताना पुढच्या चार-पाच वर्षांच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा हिशेबही घरात आधीच मांडलेला बरा.