मार्ग तोच, नाव वेगळे

आपल्या निर्मलवरून जाणारा उत्तर-दक्षिण महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाई. २०१० मध्ये देशभरातील राष्ट्रीय महामार्गांना नव्याने क्रमांक देण्यात आले आणि तो ४४ झाला. कल्याणहून माळशेज घाट, तेव्हाचे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नांदेड, भोकर, भैंसा असा प्रवास करीत निर्मलला येऊन संपणारा २२२ क्रमांकाचा मार्ग ६१ मध्ये सामावला. डांबर तेच, वळणे तीच. बदलले ते नाव. परंतु नकाशे, मैलाचे दगड, दुकानांच्या पाट्या आणि माणसांची जीभ या चौघांनी तो बदल एकाच दिवशी स्वीकारला नाही. वैद्यक व्यावसायिकांच्या या स्मरणिकेत मी ज्या विषयावर लिहिणार आहे, त्याचे सार या दोन रस्त्यांत आलेले आहे.

इंटरनेटवरील माहितीलाही रस्ते लागतात. कोणत्या पत्त्यावरची माहिती कोणत्या वाटेने धाडावी, हे ठरविणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात आणि त्याच्या आतील आज्ञावली शेजारच्या राउटरांशी सतत संवाद साधून मार्गांचा तक्ता अद्ययावत ठेवते. अशा एका आज्ञावलीच्या देखभालीचे काम मी करतो. तिची वंशावळ मोठी रंजक आहे. १९९६ मध्ये कुनिहिरो इशिगुरो या जपानी अभियंत्याने ‘झेब्रा’ नावाने तिचा आरंभ केला. पुढे तिला फुटलेल्या शाखेचे नाव पडले ‘क्वागा’. क्वागा ही झेब्र्याचीच एक उपजात. तिचा शेवटचा प्राणी १८८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. चालत्या कामाला नामशेष प्राण्याचे नाव देण्याचे धाडस संगणकवालेच करू जाणोत! २०१७ मध्ये क्वागातून निघालेली ‘एफआरआर’ ही शाखा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली आणि आज तिचाच वापर सर्वत्र होतो.

इतकी वर्षे शेकडो हातांनी लिहिलेल्या आज्ञावलीत नावांचा गोंधळ होणे अटळच. बीजीपी, म्हणजे इंटरनेटवरील मोठमोठ्या जाळ्यांनी एकमेकांना मार्ग कळविण्याची पद्धत, हाताळणाऱ्या भागात एका मार्गाच्या नोंदीला ‘बीजीपी इन्फो’ असे नाव होते. ‘माहिती’ म्हणजे कशाची माहिती? शिवाय तीच नोंद कोणी ‘आरआय’, कोणी ‘बीआय’, तर कोणी ‘बीइन्फो’ अशा संक्षेपांनी हाताळीत असे. आपल्याकडे अ‍ॅड्रेनलीन आणि एपिनेफ्रिन हे एकच औषध आहे, हे विद्यार्थ्याला एकदा सांगून भागते. येथे मात्र हजारो ओळी वाचणाऱ्या नवख्याला प्रत्येक वेळी थांबून ‘ही तीच वस्तू की दुसरी?’ असे विचारावे लागते, आणि घाईत तो विचारीत नाही. नावाच्या साधर्म्याने काय होऊ शकते हे आपण जाणताच: लोसेक आणि लॅसिक्स यांची गल्लत होऊ लागल्याने १९९० मध्ये अमेरिकेत लोसेकचे प्रायलोसेक करावे लागले. २०१८ मध्ये ‘बीजीपी इन्फो’चे ‘बीजीपी पाथ इन्फो’ झाले. २०२० मध्ये ‘बीजीपी नोड’चे ‘बीजीपी डेस्ट’, म्हणजे गंतव्य, झाले. वाचणाऱ्याला आता निदान मार्ग आणि गंतव्य यांतील भेद तरी दिसतो.

हे काम ‘शोधा आणि बदला’ या एका कळीने होईल असे वाटते, आणि तेथेच घात होतो. रुग्णनोंदवहीत ‘क्षय’ या शब्दाच्या जागी सर्वत्र ‘टीबी’ घालण्याची आज्ञा दिली, तर अक्षय नावाच्या मुलाचे ‘अटीबी’ होईल. म्हणून आज्ञावलीचे व्याकरण समजणारी साधने वापरावी लागतात. त्यांपैकी एकाचे नाव ‘कॉक्सिनेल’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कीड खाणारा ठिपकेदार भुंगा. ते साधन अक्षरे न पाहता शब्दाचे वाक्यातील स्थान पाहते.

दुसरे पथ्य असे की, नाव बदलताना वर्तन बदलू नये. हजार ओळींत केवळ नाव बदलले असेल, तर तपासनीस तेवढेच तपासतो. त्यातच एक ओळ खऱ्या बदलाची मिसळली, तर ती कोणाच्याही नजरेस पडत नाही. शल्यविशारद एकाच वेळी दोन असंबद्ध शस्त्रक्रिया सहसा उरकत नाही, त्यातलाच हा प्रकार. याची किंमतही असते. जुन्या आवृत्तीवर अजून चालणाऱ्या राउटरांसाठी सुरक्षेची दुरुस्ती पाठवायची झाली, तर नव्या नावांची दुरुस्ती जुन्या पाठात बसत नाही. ती हाताने पुन्हा लिहावी लागते. केवळ कानाला बरे वाटते म्हणून नाव बदलणाऱ्यांशी माझे जमत नाही ते यामुळेच.

मात्र सर्वांत नाजूक भाग आहे तो बाहेरच्या नावांचा. आज्ञावलीच्या आतील नावे आपल्याच घरातली. ती एका दिवसात बदलता येतात. पण राउटर चालविणारा अभियंता ज्या आज्ञा टाइप करतो, त्या त्याने आपल्या शेकडो फायलींत लिहून ठेवलेल्या असतात. त्यांतील एखादे नाव आपण रातोरात काढून टाकले, तर पुढच्या वेळी राउटर सुरू होताना ती ओळ नाकारली जाईल, आणि कोणत्या तरी गावाचा संपर्क तुटेल. एखाद्या रुग्णालयाचाही त्यात समावेश असू शकेल. म्हणून रीत अशी की, नवे नाव आणावे, जुनेही चालू ठेवावे, जुने वापरणाऱ्याला सूचना द्यावी, आणि साधारण वर्षभरानंतरच जुने काढावे. एफआरआरमध्ये ही तारीख आज्ञावलीतच लिहून ठेवण्याची सोय आहे. मुदत उलटल्यावर बांधणी करणाऱ्याला आपोआप आठवण होते. आपल्या राज्यात २०२४ मध्ये वाहनांच्या पाटीवरील ‘टीएस’चे ‘टीजी’ झाले, तेव्हा नव्या वाहनांनाच ते लागू केले आणि जुन्या पाट्या तशाच वैध राहिल्या. त्यातील शहाणपण हेच.

विवाहानंतर नाव बदललेल्या रुग्णेची जुनी कागदपत्रे माहेरच्या नावाने असतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी तेथेच नोंदलेली असते आणि नव्या नावाने शोधणाऱ्याला ती सापडत नाही. नोंदणी क्रमांक कायम ठेवून दोन्ही नावे त्याला जोडणे, हाच त्यावरचा उपाय. आज्ञावलीतही आम्ही तेच करतो.

एफआरआरमध्ये शेवटी एक नाव मात्र तसेच राहिले आहे. मार्गांचा तक्ता संगणकाच्या गाभ्याकडे पोहोचविणाऱ्या मुख्य घटकाला आजही ‘झेब्रा’च म्हणतात. क्वागा गेला, नावे धुऊन निघाली, तरी झेब्रा आहे. तो कोणाचीही दिशाभूल करीत नाही आणि असंख्य फायलींत त्याचे नाव कोरलेले आहे. त्याला हात लावण्याचा प्रस्ताव आला, तर मी विरोधात मत देईन.