ऊसतोड कुटुंबासाठी अल्पव्ययी गृहौषधी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मुकादमाची उचल बहुधा आधीच खर्ची पडलेली असते. निघताना वैद्याकडे मागणी एकच: ‘थोडक्या पैशांत हंगामभर पुरेल असे काही द्या.’

अशा वेळी चूर्णाच्या पुड्या बांधून देण्याचा प्रघात आहे. तो शास्त्रसंमत नाही. शार्ङ्गधरांच्या मते चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, तर शुष्क द्रव्याचे गुण वर्षभर टिकतात. म्हणजे दसऱ्याचे चूर्ण ऐन थंडीत, कास-प्रतिश्यायाच्या दिवसांत, दुबळे ठरते. सबब सुंठ, ज्येष्ठमध, हिरडा, ओवा व धणे ही द्रव्ये अखंडच द्यावीत आणि लागेल तेवढीच कुटण्यास सांगावे. औषधी दुकानदारांनीही पन्नास-शंभर ग्रॅमची, नाव व मात्रा ठळक मराठीत छापलेली पाकिटे ठेवावीत. नफा कमी, पण गिऱ्हाईक पाडव्याला परत येते.

कल्पनेची निवडही खर्चाचाच भाग होय. क्वाथास सोळापट पाणी घेऊन अष्टमांश उरवावे लागते. फडावरून अंधारात कोपीवर परतलेल्या स्त्रीने भाकरी थापायच्या की काढा आटवायचा? तिला सुंठीचा फांट सांगावा. चौपट उकळत्या पाण्यात भरड टाकून झाकले की काम झाले. दिवसभर पाणी कमी पिण्याने होणाऱ्या मूत्रदाहात धण्याचा हिम उत्तम. सहापट पाण्यात धणे रात्री भिजवून सकाळी गाळावेत. पाणी मात्र उकळून गार केलेले हवे, तेवढे सरपण वाचवू नये. ज्वर वा कंप असल्यास हिमावर विसंबू नये.

फुकटची औषधे नेहमीच निरुपद्रवी नसतात. बालाघाटच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले; त्याच फळाच्या बियांची पूड उवांसाठी घरोघर डोक्यास लावतात. ती डोळ्यांत गेल्यास बुबुळास तीव्र इजा होते. ही सूचना प्रत्येक मातेस आवर्जून द्यावी. सर्पदंशात पाला-मुळीत वेळ न दवडता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे.

श्वेतप्रदर वा अतिरक्तस्राव घरगुती उपायांवर सोडू नये, आणि तेवढ्यावरून गर्भाशय काढण्याचा सल्लाही मान्य करू नये. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची शासकीय समितीमार्फत चौकशी झाली, हे आपण जाणतोच. या रुग्णांची स्त्रीरोगतज्ज्ञांकडील तपासणी घटस्थापनेच्या आत उरकून घ्यावी. एकदा गाडी सुटली की सहा महिने त्या हाती लागत नाहीत.