आमच्या माघारी याचं कोण?

करंजाडेत घरोघरी फिरताना आमच्या पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र असतं. त्याच्या निमित्ताने दार उघडतं. दंडाला पट्टा बांधून झाला की काकू दोन मिनिटं गप्प बसतात, मग आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे बघून हळूच विचारतात, "ताई, आम्ही आहोत तोवर ठीक आहे. आमच्या माघारी याचं कोण?" आत तीस-पस्तिशीचा मुलगा असतो. कधी मुलगी असते. शेजारच्या फ्लॅटमध्ये याचा पत्ताही नसतो.

आपल्यापैकी बरीच कुटुंबं वरळी, नायगाव, चेंबूर, घाटकोपरच्या चाळी-वस्त्यांतून कर्ज काढून या सिडको वसाहतीत आली. स्वतःचं घर झालं, संडास घरात आला, हे लहान सुख नाही. पण चाळीत दार उघडं असायचं. मुलगा भरकटत नाक्यापर्यंत गेला तर पानवाला त्याला हाताला धरून परत आणून सोडायचा. 'येडा' म्हणून चिडवणारेही तिथलेच होते, तेव्हा चाळीचे फार गोडवे गायला नकोत. तरीही सांभाळणारे हात दोन नव्हते, वीस होते. इथे सहाव्या मजल्यावर एकटी आई असते. मुलगा रात्री ओरडला की सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येते, म्हणून ती खिडक्या लावून बसते. आम्ही तपासायला जातो मुलाला, आणि रक्तदाब वाढलेला निघतो आईचा.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण त्याचा बराच भाग कागदांत आहे आणि ते कागद आई-वडील हयात असतानाच करायचे असतात. राखीव जागांचे जीआर आपल्याकडे तोंडपाठ असतात. या विषयावरचे कायदे मात्र फारसे कुणी उघडून पाहिलेले नसतात.

आधी एक गल्लत दूर करू. मतिमंदत्व, म्हणजे ज्याला आता बौद्धिक अक्षमता म्हणतात, आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जन्मापासून किंवा लहानपणापासून असते. तिच्यावर गोळी नाही. शिकवणं, सराव आणि धीर यांनी माणूस बऱ्याच गोष्टी स्वतः करू लागतो. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखा मानसिक आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, चढतो-उतरतो आणि औषधाने आटोक्यात येतो. हा फरक समजून घ्यायचा तो यासाठी, की दोघांचे कागद वेगळे आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. त्यात हे दोन्ही येतात. म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णालाही दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळतं. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. तपासणीत डॉक्टर चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. शिवाय आजार किती वर्षांचा आहे, हेही मोजतात. म्हणून जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या फेकू नका. घरची माणसं लाजेने सांगतात, "तसा बरा आहे हो." तिथे लाजू नका. आंघोळ कोण घालतं, पैसे हातात दिले तर काय होतं, शेवटची नोकरी किती दिवस टिकली, सगळं सांगा. आणि एक कळकळीची विनंती. टक्के जास्त मिळावेत म्हणून तपासणीआधी गोळ्या बंद करू नका. असं करणारी घरं आम्ही पाहिली आहेत. आजार उलटला की सावरायला महिने जातात.

आता पालकत्वाचं. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होतं आणि आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, मग मुलाला स्वतःचं नाव लिहिता येत नसलं तरी. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आपलं जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, म्हणजे जाण्यायेण्यात दिवस मोडतो, तो मोडा. याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

मानसिक आजार मात्र राष्ट्रीय न्यासात येत नाही. त्यासाठी मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ आहे आणि त्याची वाट वेगळी आहे. इथे रुग्ण स्वतः आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतं. माणूस आजारात स्वतःचं ठरवू शकला नाही, तर उपचारांचे निर्णय घ्यायला हा प्रतिनिधी त्याला मदत करतो. तो भाऊच हवा असं नाही. मावशी चालेल, भरवशाचा मित्र चालेल. मुलगा बरा असेल तेव्हा त्याच्याशी बसून हे बोला. "तुझ्यासाठी कोण धावून यावं असं तुला वाटतं?" असं विचारलं की कित्येकदा उत्तर ऐकून घरचेच चकित होतात.

पैशाचा प्रश्न यानंतरचा. आपल्यात रेल्वे, पोस्ट, सरकारी खात्यांतून निवृत्त झालेले बरेच आहेत. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव पेन्शनच्या कागदांत आपल्या हयातीतच नोंदवता येतं. नंतरही करता येतं, पण ते कुणी करायचं? आमच्या ओळखीच्या एक काकू पावसाळ्यात अचानक गेल्या. मुलाला औषध चालू होतं, प्रकृतीही बरी होती. पण पेन्शनमध्ये त्याचं नाव नव्हतं, प्रमाणपत्र काढलेलं नव्हतं. दीर दमले, आम्ही दमलो. या धावपळीत त्याच्या गोळ्या चुकल्या आणि तो पुन्हा दाखल झाला. आम्ही दोन वर्षं त्या घरी जात होतो. दर वेळी रक्तदाब मोजला, पेन्शनचं कधी विचारलं नाही. ही चूक आमची.

पेन्शन नसलेल्या गरीब घरांसाठी तहसील कार्यालयातली संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. शिवाय ग्रामपंचायत असो की महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर झाले, हे ग्रामसभेत उठून विचारा. एकट्याने विचारू नका, पाच-सहा घरांनी मिळून जा.

"दाखल करून टाकू, तिथेच राहील" हा विचारही कानावर येतो. दमलेल्या माणसाला आम्ही त्याबद्दल दोष देत नाही. पण २०१७ च्या कायद्याने समाजात राहणं हा रुग्णाचा हक्क मानला आहे. घरच्यांनी नाकारलं किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. बरे झालेल्यांसाठी मधली घरं आणि आधार निवारे सरकारने उभारावेत, असं त्याच कायद्यात आहे. अशी घरं गरजेच्या मानाने फार थोडी आहेत, आणि ती मागणं हे आपलं काम आहे. याच कायद्यात साखळीने बांधण्याला पूर्ण बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २५ हून अधिक रुग्ण जळून मेले. तेव्हा भगताकडे नेऊन बांधून ठेवणं म्हणजे काय, हे आम्हाला वेगळं सांगायला नको.

घरातून निघून जाण्याची भीती सगळ्यांनाच असते. रस्त्यावर असहाय भटकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळ, डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था अशा माणसांना रस्त्यावरून आणते, उपचार करते आणि देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवते. या कामासाठी २०१८ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेला माणूस औषध सुरू झाल्यावर स्वतःच्या गावाचं नाव सांगतो, हे ऐकलं की घरातल्या रुग्णाबद्दलही धीर येतो. तुमच्या फोनमध्ये मात्र त्याचा अलीकडचा फोटो आणि औषधाच्या चिठ्ठीचा फोटो असू द्या.

कागद झाले तरी सहाव्या मजल्यावरचा एकटेपणा उरतोच. सुरुवातीला आम्ही विहारात माइक लावून मानसिक आरोग्यावर व्याख्यान ठेवलं. टाळ्या पडल्या, पण ज्यांच्या घरी आजार आहे त्यांच्यापैकी कुणीच आलं नाही. सगळ्यांसमोर कोण येणार? नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातल्याच साध्या बाया-पुरुषांना ऐकून घेण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि ते शेजारच्या दुःखी माणसाकडे जाऊन बसू लागले. त्यावरून आम्ही माइक काढला. आता महिन्यातून एकदा फक्त सांभाळणारे जमतात. चहा असतो. कुणी रडतं, कुणी औषधाने हात थरथरतात म्हणून विचारतं. त्यावर आमचं उत्तर ठरलेलं असतं: गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलता येते. गोळी घ्यायलाच नकार असेल तर महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शनही काही औषधांत मिळतं, ते विचारा. आणि एक आई बँकेत जाते तेव्हा दुसरी दोन तास तिच्या मुलाजवळ बसते. सध्या आमची सेवा एवढीच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंनी सहा वर्षांनी माहेरच्या लग्नाला जाऊन मुक्काम केला, तो या दोन तासांच्या ओळखीतून.

रात्री-अपरात्री फार घालमेल झाली तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीला येताना रुग्णाचं आधार कार्ड, दोन फोटो, सगळे केसपेपर आणि पेन्शन असेल तर तिचा आदेश पिशवीत घालून आणा. अर्ज तिथेच भरू. मुलाला घरी एकटं ठेवता येत नसेल तर त्यालाही घेऊन या. मागची खोली मोकळी ठेवली आहे, तिथे कॅरम आहे.